गटप्रमुख घडतो कसा?

धायरी हे एकेकाळी धारेश्वराच्या देवळाचे आणि मळ्यांचे गाव. २०१७ साली ते पुणे महापालिकेत आले. पण त्याच्या कितीतरी आधी सिंहगड रस्त्याने शहर इथवर येऊन पोचले होते. मळे गेले, मळ्यांची नावे तेवढी पत्त्यात राहिली. आता एकेका जिन्यावर नगर, लातूर, जळगाव, सांगली असा सगळा महाराष्ट्र राहतो आणि शेजाऱ्याचे नाव दारावरच्या पाटीवरून वाचतो.

आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक निवृत्त परिचारिका राहतात. त्यांना सगळेच सिस्टर म्हणतात. त्या नगर जिल्ह्यातल्या, आताच्या अहिल्यानगरच्या, मराठी ख्रिस्ती घरातल्या. दर बुधवारी संध्याकाळी त्यांच्या दाराबाहेर चपलांचे दहा-बारा जोड दिसतात. आत प्रार्थना असते, दोन-तीन गाणी होतात, चहा होतो आणि माणसे आपापल्या घरी जातात.

एका वर्षी सोसायटीच्या सभेत या चपलांचा विषय निघाला. कोणी म्हणाले, गाण्याचा आवाज येतो. कोणी म्हणाले, जिन्यात पाय ठेवायला जागा नसते. मग मागून कोणीतरी हळूच विचारले, ‘पण आत नेमके चालते तरी काय?’ या प्रश्नाला धार होती. रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी माझ्याही दाराबाहेर चपला जमतात, त्यामुळे मी जरा सावरूनच बसलो.

सिस्टर उठल्या. मला वाटले, आता त्या चिडतील किंवा रडतील. त्यांनी पिशवीतून वही काढली आणि म्हणाल्या, ‘कोणाला कशाचा त्रास होतो ते सांगा. मी लिहून घेते.’ पुढची दहा मिनिटे त्यांनी एकालाही मध्ये तोडले नाही. सगळ्यांचे झाल्यावर लिहिलेले वाचून दाखवले आणि विचारले, ‘काही राहिले का?’ तक्रारी तीनच निघाल्या : एका घरात मुलाची दहावी होती, चपला वाटेत येत होत्या आणि पाहुण्यांच्या दुचाक्या दुसऱ्यांच्या जागेवर लागत होत्या. तिन्ही त्यांनी मान्य केल्या. खिडक्या लावून गायचे, साडेआठला संपवायचे, चपला आत घ्यायच्या, गाड्या बाहेर लावायच्या. ‘आणि आत काय चालते ते बघायला बुधवारी या. चहा मिळेल,’ असे म्हणून त्या खाली बसल्या. विषय संपला.

जिना चढताना मी म्हणालो, ‘सिस्टर, तुम्ही वकील व्हायला हवे होते.’ त्या हसल्या. ‘वकिली कसली हो भाई! हे आम्हाला शिकवलेय. सहा शनिवार बसवून शिकवलेय.’

त्या सहा शनिवारांविषयी मला बोलायचे आहे. चर्चमधल्या छोट्या गटाचा प्रमुख तयार करण्याचे एक रीतसर शिक्षण असते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. मलाही नव्हते.

आधी हा गट म्हणजे काय ते पाहू. रविवारी देवळात उपासनेला दोनशे-तीनशे माणसे येतात. पाळक एकच. तो प्रवचन करतो, लग्ने लावतो, दफनविधी करतो, आजाऱ्यांना भेटतो. पण पुण्यासारख्या शहरात त्याची मंडळी धायरीपासून वाघोलीपर्यंत पसरलेली. कोणाची नोकरी गेली, कोणाच्या घरी भांडण पेटले, कोणी महिनाभर अंथरुणावर आहे, हे त्याला कसे कळणार? म्हणून जवळपास राहणाऱ्या दहा-बारा जणांनी आठवड्यातून एकदा एखाद्या घरी बसायचे, पवित्र शास्त्रातला एक उतारा वाचायचा, एकमेकांची ख्यालीखुशाली विचारायची आणि एकमेकांसाठी प्रार्थना करायची. कोणी याला घरसभा म्हणतात, कोणी सेल म्हणतात, कोणी नुसते गट म्हणतात. पाळक व्हायला धर्मशास्त्राची काही वर्षांची पदवी लागते. अशी पदवी देणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी ही संस्था १९५३ साली यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्यात बिबवेवाडीला आली. गटप्रमुखाला मात्र पदवी लागत नाही आणि पगारही नसतो. तो बँकेत कारकून असेल, शिक्षिका असेल, रिक्षा चालवत असेल.

ही कल्पना फार जुनी आहे. बायबलच्या निर्गम या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात एक प्रसंग येतो. मोशे, म्हणजे ज्यांना आम्ही हजरत मूसा म्हणतो, ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे ऐकत बसलेले असतात. त्यांचे सासरे इथ्रो हे पाहतात आणि जावयाला समजावतात, की अशाने तू थकशील आणि लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसे नेम, लहान गोष्टी ते पाहतील. सासऱ्याने जावयाला दिलेला इतका चांगला सल्ला क्वचितच दुसरा सापडेल.

अलीकडच्या काळातली गोष्ट इंग्लंडमधली आहे. जॉन वेस्ली या धर्मोपदेशकाच्या अनुयायांनी ब्रिस्टल शहरात सभागृह बांधले होते आणि त्याचे कर्ज फिटत नव्हते. १७४२ च्या फेब्रुवारीत बैठक झाली. एक जण म्हणाला, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. दुसरा म्हणाला, पुष्कळांना तेही जमणार नाही. त्यावर पहिला म्हणाला, मग सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. मी त्यांच्याकडे दर आठवड्याला जाईन आणि ज्याच्याजवळ पेनी नसेल त्याची मी भरीन. अशा बारा-बारांच्या तुकड्या पडल्या. पण पेनी मागायला घरोघरी गेलेल्या माणसांना भलतेच दिसू लागले. कुठे दारू होती, कुठे नवराबायकोत बोलणे नव्हते, कुठे खायला नव्हते. वेस्लीच्या लक्षात आले, की हिशेबाची सोय म्हणून काढलेली ही माणसे खरे तर माणसांची विचारपूस करू शकतात. पुढे या तुकड्या एकत्र बसू लागल्या आणि त्यांचे प्रमुख दर आठवड्याला आपल्या धर्मोपदेशकाला भेटू लागले. त्या भेटीत पैशाचा हिशेब होई, तसा माणसांचाही होई. गटप्रमुखाची शाळा म्हणतात ती हीच.

ही पद्धत आपल्याकडेही आली. १८७१ च्या अखेरीस विल्यम टेलर हे अमेरिकन मेथडिस्ट उपदेशक मुंबईत आले आणि त्यांनी लोकांच्या घरांतून छोटे गट बसवले. मुंबईत फकिरासारखे राहणारे जॉर्ज बोवेन यांनी त्यांना साथ दिली. मात्र हे काम बरेचसे इंग्रजी बोलणाऱ्यांत होते.

पुण्यापासून फार दूर नसलेल्या केडगावला जे घडले ते मात्र आपल्या बायकांनी घडवले. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात दुष्काळातून वाचवलेल्या, विधवा आणि टाकलेल्या शेकडो स्त्रिया होत्या. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी त्यांना रोज प्रार्थनेला एकत्र बसण्याविषयी विचारले. आधी सत्तर जणी पुढे आल्या, जूनपर्यंत ती संख्या साडेपाचशेच्या आसपास गेली. त्यांतल्या काही तरुणी तुकड्या करून आसपासच्या गावांत जाऊ लागल्या. ज्या मुलींना काही वर्षांपूर्वी घरात कोणी तोंड उघडू देत नव्हते, त्या चारचौघांत बोलू लागल्या, प्रार्थना चालवू लागल्या. धर्माचा भाग क्षणभर बाजूला ठेवला तरी ही लहान गोष्ट नाही.

आणि रेव्हरंड टिळक! नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि मराठी ख्रिस्ती माणसाला त्यांनी अभंग दिले, कीर्तन दिले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. दोन वर्षांनी ते गेले आणि दरबार फार वाढला नाही. पण पगारी उपदेशकावाचूनही भक्ती चालली पाहिजे आणि ती आपल्या मातीच्या रीतीने चालली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. मराठीत कविता करणारा माणूस म्हणून मला तो जवळचा वाटतो.

आता त्या सहा शनिवारांकडे येऊ. सिस्टरांनी मला त्यांची वही दाखवली. मला वाटले होते, तिच्यात भाषण कसे करावे, प्रार्थना कशी म्हणावी, असले काही असेल. पहिल्याच पानावर लिहिले होते : गोल बसा.

गोल बसल्याने काय होते? समोर-मागे राहत नाही. प्रमुखाला वेगळी खुर्ची मिळत नाही. प्रत्येकाला प्रत्येकाचा चेहरा दिसतो. दुसऱ्या पानावर गणित होते. सहा माणसांत दोघादोघांच्या जोड्या पंधरा होतात, बारांत सहासष्ट आणि विसांत एकशे नव्वद. म्हणजे माणसे दुप्पट झाली की नाती चौपटीहून जास्त होतात. म्हणून गट बाराच्या पुढे गेला की त्याचे दोन करायचे. नाहीतर चार जण बोलतात आणि बाकीचे भिंतीवरचे कॅलेंडर पाहतात.

पुढे प्रश्न विचारण्याचा धडा. ‘हे बरोबर आहे ना?’ असे विचारले की माना हलतात आणि बोलणे संपते. ‘तुम्हाला यात काय दिसले?’ असे विचारले की माणूस विचार करतो. विचारल्यावर गप्प राहायचे, मनात दहापर्यंत मोजायचे. शांतता झाली की नवा प्रमुख घाबरतो आणि आपणच उत्तर देऊन टाकतो. सिस्टर म्हणाल्या, ‘हे दहा आकडे मोजायला मला सगळ्यांत जड गेले. वॉर्डात आम्हाला घाई करायचीच सवय.’

एका शनिवारी फार बोलणारा माणूस. त्याला सगळ्यांसमोर गप्प करायचे नाही. त्याच्या बोलण्यातला एक मुद्दा उचलायचा आणि दुसऱ्याकडे द्यायचा. अजिबात न बोलणाऱ्यावर प्रश्न फेकायचा नाही. आधी त्याला उतारा वाचायला द्यावा, म्हणजे त्याचा आवाज खोलीत एकदा उमटतो आणि त्याची भीड चेपते. कोणी रडले तर लगेच उपदेश सुरू करायचा नाही, पाणी द्यायचे.

पुढच्या शनिवारी आपली हद्द. गटात उसनवारी करायची नाही, कोणाला जामीन राहायचे नाही. आजाऱ्यासाठी प्रार्थना जरूर करावी, पण औषध बंद करायला कधीही सांगू नये. घरात मारहाण होत असेल तर ‘सोसा’ म्हणून परत पाठवू नये. पाळकाला, गरज पडली तर पोलिसांना कळवावे. निवृत्त परिचारिकेने या पानावर लाल रेघ मारली होती.

आणि पाचवा शनिवार : ऐकलेले पोटात ठेवणे. हे पान दाखवताना सिस्टर जरा थांबल्या. मग त्यांनी जे सांगितले, ते नाव न घेता लिहायची परवानगी मी मागून घेतली आहे.

शिक्षण घेण्याच्या आधीही त्या एक गट चालवत होत्या. तेव्हा एका बाईने मुलाच्या व्यसनाविषयी सगळ्यांसमोर मोकळेपणी सांगितले. पुढच्याच आठवड्यात एका लग्नात सिस्टरांनी कळवळून, अगदी प्रार्थना मागायची म्हणून, ते दुसऱ्या एका नातेवाईक बाईच्या कानावर घातले. जेवणाची पंगत उठेपर्यंत ते मुलाच्या होणाऱ्या सासरी पोचले. सोयरीक मोडली. ती बाई गटात पुन्हा आली नाही. सिस्टर दोनदा तिच्या दारी गेल्या. दार उघडले, पण ‘बसा’ असे कोणी म्हणाले नाही. ‘मी वाईट हेतूने केले नव्हते भाई,’ त्या म्हणाल्या, ‘पण तिचे जे व्हायचे ते झालेच ना. त्या सहा शनिवारांना मी शिकायला म्हणून गेले नव्हते. पुन्हा असे होऊ नये म्हणून गेले होते.’

मंडळी, गटप्रमुखाला शिकवायचे कशाला, याचे उत्तर मला तिथे मिळाले. चांगुलपणा पुरत नाही. दहा माणसे आपल्यापुढे मन उघडतात तेव्हा आपल्या हातात एक सत्ता येते आणि तिचा वापर शिकावा लागतो.

कॅथॉलिक चर्चनेही हे आपल्या परीने ओळखले. मुंबईच्या महाधर्मप्रांतात १९८० च्या दशकापासून वाड्यावस्त्यांतून छोटे ख्रिस्ती समूह बांधण्याचे काम सुरू झाले. १९९० साली इंडोनेशियात बांडुंगला आशियातल्या बिशपांची सभा भरली, तिनेही सर्वांचा सहभाग असलेल्या चर्चचा पुरस्कार केला. या समूहांत दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को या संस्थेची सात पायऱ्यांची पद्धत वापरली जाते. प्रभूला बोलवायचे, उतारा वाचायचा, त्यातला मनाला भिडलेला शब्द मोठ्याने पुन्हा म्हणायचा, शांत बसायचे, आपल्याला काय ऐकू आले ते सांगायचे, आता आपण काय करायचे ते ठरवायचे आणि शेवटी प्रार्थना. यातली सहावी पायरी मला फार आवडली. वस्तीतला नळ, म्हाताऱ्याचे पेन्शन, शाळा सोडलेले पोर हे तिथे येते. या पद्धतीत प्रवचन कुठेच नाही. वाचता येणारी कोणतीही व्यक्ती ती चालवू शकते, आणि हुकूमत न गाजवता नेतृत्व कसे करावे हा लुम्कोच्या शिकवणीचा एक मुख्य विषय आहे.

हे बिघडते तेव्हा कसे बिघडते, तेही सांगायला हवे. दक्षिण कोरियात सोल शहरात योंगी चो यांनी १९५८ मध्ये एका तंबूत चर्च सुरू केले. सगळे एकट्याने करता करता १९६४ मध्ये ते कोसळले. मग त्यांनी शहराचे भाग पाडून घरोघरी गट बसवले आणि पुरुष मागे सरले तेव्हा ते स्त्रियांच्या हाती दिले. त्या बायकांच्या बळावर चर्च लाखोंच्या घरात गेले. जगभर या पद्धतीची नक्कल झाली. पण २०१४ मध्ये त्याच चो यांना चर्चच्या पैशाच्या प्रकरणात न्यायालयाने दोषी ठरवले. २०२१ मध्ये ते वारले. खाली हजारो प्रमुख ऐकायला शिकले, पण सगळ्यांत वरच्या माणसाला थांबवणारे कोणी नव्हते, असा याचा अर्थ मी घेतो. गटातही हेच होते. एकच माणूस पंधरा वर्षे प्रमुख राहिला की गट त्याच्या नावाने ओळखला जातो आणि त्याला प्रश्न विचारणे म्हणजे देवाला प्रश्न विचारणे ठरते.

यावर प्रत्येक परंपरेने काही ना काही तोड काढलेली दिसते. आमच्या नमाजात इमाम पुढे उभा असतो आणि सगळे त्याच्या मागे. पण इमाम चुकला तर मागचा साधा माणूसही ‘सुब्हानल्लाह’ म्हणून त्याला सावध करतो. आळंदीच्या पालखीत समाजआरतीच्या वेळी चोपदार चोप उंच करतो आणि अफाट जनसमुदाय शांत होतो. मात्र ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते आणि चोपदाराला तिच्याकडे जाऊन तक्रार ऐकावी लागते. ज्याच्या हातात चोप, त्यानेच ऐकायला जायचे. आपल्या बायकांचे बचत गटही दहा ते वीस जणींचे. १९९२ साली नाबार्डने ते बँकांशी जोडायला सुरुवात केली. तिथेही अध्यक्ष बदलत राहिली तर गट टिकतो, एकीच्याच हातात वही राहिली की भांडणे लागतात, हे कोणतीही अनुभवी बाई सांगेल.

सिस्टरांच्या वहीतला सहावा शनिवार याच गोष्टीचा होता. त्या पानावर एकच ओळ : पहिल्या दिवसापासून आपल्या जागी बसणारा माणूस शोधा. त्याला आधी नुसते पाहू द्यायचे, मग एखादे काम द्यायचे, मग सगळी सभा त्याच्या हाती देऊन आपण पाहायचे आणि शेवटी गट त्याचा. प्रमुखाची परीक्षा त्याच्या गटात किती माणसे येतात यावर नाही. तो उठून गेल्यावर गट चालतो का, यावर.

सभेतले आमंत्रण मी पुढे एका बुधवारी घेतले. अकरा जण गोल बसले होते. मला वाटले, सिस्टर सुरुवात करतील. पण सुरुवात केली एका कंपनीत नोकरी करणाऱ्या पंचविशीतल्या मुलीने. तिने प्रश्न विचारला आणि ती थांबली. खोलीत शांतता पसरली. पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. मुलीच्या कपाळावर घाम आला. सिस्टर माझ्या शेजारी, दाराजवळ बसल्या होत्या. उत्तर त्यांच्या ओठांवर आले होते, हे मला दिसत होते. त्यांनी ओठ मिटले. मांडीवर त्यांची बोटे हळूहळू हलत होती. त्या मोजत होत्या.

सात झाले असतील, आठ झाले असतील. कोपऱ्यातले एक वृद्ध गृहस्थ खाकरले आणि म्हणाले, ‘मला जरा सांगायचेय.’ ते बराच वेळ बोलले. काय बोलले ते मी इथे सांगणार नाही. पाचवा शनिवार मलाही लागू आहे.

साडेआठला सगळे उठले. चपला आत होत्या, त्या घालून माणसे जिना उतरली. दहावीतल्या मुलाच्या घरात दिवा होता.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)